म्हशीला सांगितलेल्या गोष्टी

आईचा उजवा हात मनगटाशी मोडला त्या दिवशी मी पुण्यात एका गृहस्थांना फोनवर समजावत होतो की, तुमचा विम्याचा दावा नाकारणारा माणूस मी नव्हे, मी फक्त तसं कळवणारा माणूस आहे. गेली बरीच वर्षं माझं कामच ते आहे. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, आवाज चढवायचा नाही आणि शेवटी, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत," म्हणायचं. त्या गृहस्थांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून फोन आपटला आणि लगेच शेजारच्या चाचींचा फोन आला. आई गोठ्यात घसरून पडली होती. हे मला चाचींकडून कळलं, कारण आईच्या मते कळवण्यासारखं काही झालंच नव्हतं.

संगमनेरच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि आईला माझ्यासमोर बजावलं. "दीड महिना हा हात वापरायचा नाही. आता पुन्हा धक्का बसला तर ऑपरेशन करून पट्टी बसवावी लागेल, आणि तरीही मनगट पहिल्यासारखं वळेल असं मी लिहून देणार नाही." आई शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. जन्मभरात कुणाचं न ऐकलेली बाई इतकी मान हलवते म्हणजे दाल में काला, हे मला तिथंच ओळखायला हवं होतं.

आमचं गाव संगमनेरपासून थोडं आत, प्रवरेच्या बाजूला. वडील गेल्यावर शेत चुलतभावाला वाट्यानं दिलं, दावणीच्या जर्सी गायी एकेक करून विकल्या आणि आईनं स्वतःसाठी म्हणून एकच म्हैस ठेवली. ती म्हैस आणि आई दोघीच त्या घरात राहत होत्या असं म्हटलं तरी चालेल. माझ्या बायकोची पुण्यात शाळेची नोकरी, मुलीची परीक्षा तोंडावर, म्हणून मी एकटाच गावी आलो. साहेबांकडे घरून काम करण्याची परवानगी मागितली. "कर, पण नेटवर्कचं रडगाणं नको," साहेब म्हणाले.

पहिल्याच पहाटे जाग आली ती बादलीच्या आवाजानं. गोठ्यात जाऊन बघतो तर आई म्हशीखाली बसलेली. डाव्या हातानं धार काढतेय आणि प्लास्टरचा हात बादलीला टेकू म्हणून लावलाय.

मी ओरडलो. माझा स्वभाव तसा तापटच, फक्त नोकरीत तो बाहेर काढता येत नाही, म्हणून घरी जास्त निघतो.

"डावा हात मोडलाय का माझा? न्हाई ना?" आई म्हणाली. "मंग वरडतो कशाला?"

"आणि उजवा?"

"तो नुसता टेकलाय. काम कुठं करतोय?"

तेवढ्यात म्हशीनं माशी उडवायला पाय उचलला आणि तो प्लास्टरपासून वीतभर अंतरावरून गेला. मी आईला खांद्याला धरून उठवलं, बाहेर बाजेवर बसवलं आणि जाहीर केलं की, उद्यापासून धार मी काढणार. आई हसली. दिवसभर अधूनमधून हसत होती.

हसण्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. लहानपणी मी धारा काढल्या होत्या, पण त्या गरीब गायींच्या. ही म्हैस वेगळी. रेडकू सोडलं की कौतुकानं पान्हावायची, पण रेडकू बाजूला बांधून मी खाली बसलो की दूध वर चढवून घ्यायची. कास भरलेली, सड टणक आणि हातात चार थेंब. मी जोर केला की बादलीला लाथ. चाचींच्या घरी शेळ्या असतात, त्यांचा धारेला हात चांगला, म्हणून त्या आल्या, तर त्यांनाही तिनं गोठ्याच्या दारापर्यंत पोहोचवलं. चुलतभावानं इंजेक्शनचं सुचवलं. "तसलं पाप माझ्या दावनीला न्हाई चालायचं," म्हणून आईनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दोन दिवस असेच गेले. रेडकू पिऊन पिऊन फुगलं, तरी दूध कासेत उरतच होतं. दूध तुंबलं की कास सुजते, दगडासारखी होते, जनावर तापतं आणि कधीकधी सड कायमचा जातो. हे आई मला जेवताना, भांडी घासताना, फोनवर ग्राहक असताना खुणांनी, असं सारखं सांगत होती. तिसऱ्या दिवशी तिनं प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली मी पाहिली. म्हणजे प्रश्न सरळ होता. एक तर मला म्हैस वश व्हायला हवी होती, नाहीतर आईचा हात जाणार होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं तर गाढवही नव्हतं.

तोडगा चाचींनी काढला, तोही हसत हसत. "अरे बेटा, भाभीची साडी नेस ना. तुझा बाप न्हाई का नेसायचा, भाभी माहेरी गेली की?"

मी आईकडे पाहिलं. ती पत्र्याकडे बघत होती.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच बाईच्या हाताला सरावलेलं जनावर परक्या हाताला, त्यातून पुरुषाला, जवळ करत नाही, म्हणून घरची बाई नसेल तेव्हा तिची अंगावरची, न धुतलेली साडी गुंडाळून गडी धारेला बसतो. घरोघरी हे झालेलं असतं आणि कबूल कुणीच करत नाही. पिळदार मिशांचे, फेट्याचे कितीतरी बाप्ये पहाटे नऊवारीत बसून उठलेले आहेत, पण गावात विचाराल तर प्रत्येकजण शेजारच्याचं नाव सांगेल.

तर मी ट्रॅकपँटवर आईची कालची साडी नेसलो. नेसलो कसला, चाचींनी गुंडाळली आणि आईनं डाव्या हातानं निऱ्या धरल्या. "पोटात घे की जरा पोट," आई म्हणत होती. चाची मध्येच भिंतीला टेकून हसत होत्या, मग पुन्हा खोचत होत्या. माझ्या लग्नात नवरीला सजवायला याहून कमी वेळ लागला होता.

म्हशीनं पदर हुंगला. एकदा, दोनदा. मग तोंड पुढ्यातल्या पेंडीच्या आंबोणात घातलं आणि मागचा पाय सैल सोडला. मी खाली बसलो, हाताला तेल लावलं, आणि खरंच धार लागली. चर्र चर्र असा बादलीत आवाज झाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी दुसरा सड धरला. तेवढ्यात ट्रॅकपँटच्या खिशात फोन थरथरला.

मी काही केलं नाही. फोन उचलला नाही, हललोसुद्धा नाही. पण माझे खांदे वर गेले, बोटं आवळली, श्वास अडकला, आणि त्याच क्षणी सड हातात मऊ पडला. दूध वर. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझं बीपी बघणारे डॉक्टर पुण्यात आहेत, दर खेपेला ते हाताला पट्टा बांधतात, फुगवतात, दोनदा बघतात आणि मग सांगतात की ताण घेऊ नका. हिला पट्टा लागला नाही.

फोन घरात ठेवला तरी फरक थोडाच पडला. अर्धी बादली व्हायची आणि बाईसाहेब आखडायच्या. आईनं कारण सांगितलं.

"तू मुक्यावानी बसतो. मी बोलते तिच्याशी."

"काय बोलतेस?"

"काय बी. दिवसभरात झालेलं सांगायचं. कोन आलं, कोन गेलं, भाजी खारट झाली. तिला काय, आवाज पायजे."

मग आईनंच बोलावं असं ठरलं. पण आईचा आवाज बाजूनं आला की म्हैस दावं ताणून तिच्याकडेच निघायची. शेवटी आईला गोठ्याच्या पत्र्यापलीकडे ओट्यावर, बाजेवर बसवलं, हात उशीवर ठेवला आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं सांगितलं. तिच्यासाठी ही शिक्षा प्लास्टरपेक्षा मोठी होती.

आता बोलायचं काय? दिवसभर मी बोलण्याचेच पैसे घेतो, पण त्या म्हशीसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली. सुरुवातीला, "काय म्हणतेस? बरी आहेस ना?" असं पाहुण्यासारखं विचारलं. मग सवयीनं तोंडातून निघालं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." म्हशीनं तात्काळ दूध चढवलं. तिचं बरोबर होतं, ते वाक्य ऐकून कुणाचंच समाधान झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मी चिडूनच बसलो होतो. आदल्या संध्याकाळी एका ग्राहकानं मला चोर म्हटलं होतं, आणि ते मी रात्रभर चघळत होतो. खाली बसलो आणि म्हशीला म्हणालो, "मी चोर? अगं, मी माझ्या खिशातून द्यायचे होते का त्याला? आणि वरून साहेब म्हणतात, तुमचा सूर कोरडा होता. कोरडा! त्यानं माझ्या आईचा उद्धार केला, मी काय त्याला ओवाळू?" असं मी बोलत राहिलो. साहेबांची नक्कल केली. ग्राहकाची केली. माझी स्वतःचीही केली. भान आलं तेव्हा बादली फेसानं काठोकाठ भरली होती आणि म्हैस डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. गाढवापुढे वाचली गीता म्हणून लोक हसतात. मी म्हशीपुढे कंपनी वाचली आणि ती एकदाही, "मुद्द्यावर या," म्हणाली नाही.

मग मला चटकच लागली. दिवसभर काही झालं की वाटायचं, हे उद्या सांगायला हवं. ग्राहक ओरडायला लागला की मी मनात नोंद करायचो आणि ओरडणं अंगाला कमी लागायचं. दोन्ही वेळच्या धारांना बोलता बोलता मी ग्राहकांवरून पुढे सरकलो. फोन वाजला की छातीत धडधडतं, हे सांगितलं. माझ्या टीममधली पोरं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, कुणीही मला उद्या घरी बसवेल अशी भीती वाटते, हे सांगितलं. मुलगी शाळेतली गंमत सांगायला येते आणि मी तिच्यावर खेकसतो, मग ती गेल्यावर बाथरूमचा नळ सोडून उगाच उभा राहतो, हेही सांगितलं. हे मी बायकोला अर्धंमुर्धं सांगितलं असेल. आईला तर कधीच नाही. आईला फोनवर नेहमी एकच वाक्य, "सगळं मजेत."

आणि आई पत्र्यापलीकडे बसलेली आहे, हे मी साफ विसरलो होतो.

एका सकाळी मी साहेबांचं काहीतरी रंगवून सांगत होतो, आणि पत्र्यामागून आवाज आला.

"म्हशे, त्याला इचार, त्या सायबाला आय न्हाई का?"

माझे हात थांबले. म्हशीनं कान हलवला, पण मान वळवली नाही आणि दूधही चढवलं नाही. मी घाबरत पुन्हा सड ओढला, तर धार चालूच. मला हसू फुटलं. आई ऐकत होती, सगळंच ऐकत आली होती. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला इतकं हलकं वाटलं की, मी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून बराच वेळ हसत राहिलो.

"तिला सांग," मी म्हशीला म्हणालो, "साहेबाला आई आहे. पण त्याच्या आईकडे म्हैस नाही."

पत्र्यामागून चाचीही हसल्या. म्हणजे श्रोते वाढले होते.

तेव्हापासून आमचं बोलणं म्हशीच्या मार्फत व्हायला लागलं. समोरासमोर आई आणि मी अजूनही भाजीत मीठ किती यावरच बोलायचो. पण धारेच्या वेळी पत्र्याच्या दोन बाजूंनी आम्ही वाटेल ते बोलायचो. "म्हशे, त्याला म्हनावं, पोरीला रोज रातच्याला एक गोष्ट सांगत जा. खेकसायला तोंड मोकळं ऱ्हायला नगं." मी त्या रात्री मुलीला फोन केला आणि तिला म्हशीच्या लाथेची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की, तिच्या आईनं फोन काढून घेतला आणि पुन्हा सगळं स्वतःसाठी सांगायला लावलं.

मग एका संध्याकाळी आईनंच स्वतःचं काढलं. ताण हा शब्द तिच्याकडे नाही, ती जिवाला घोर म्हणते.

"म्हशे, माझ्या जिवाला लई घोर हाय बघ. ह्यो हात नीट न्हाई बसला तर मला बसून खावं लागंल. बसायची सवं न्हाई मला. जरा बसलं की डोक्यात भुंगा फिरतो. तुझा मालक गेला तवा बी मी तिसऱ्या दिवशी शेन काढायला उभी ऱ्हायले. लोकं म्हनली, काय धीराची बाई. धीर कसला, मला बसताच येत नव्हतं."

मी धार काढत राहिलो. एवढी वर्षं मीही लोकांना सांगत आलो होतो की, आमची आई एक मिनिट बसत नाही, आणि ते अभिमानानं सांगत होतो. माझ्या छातीत फोनला धडधडतं ते कुठून आलं, हे मला त्या पत्र्याअलीकडे बसून कळलं. माझं आईवर प्रेम होतंच. त्या संध्याकाळी मला तिची काळजी वाटली, आणि ती वाटली याचा आनंदही झाला.

यात कंपनीचा तमाशा झाला तो वेगळाच. कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून कंपनीनं ऑनलाईन शिबिर ठेवलं. कामाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून सकाळी सातला, आणि हजेरी सक्तीची. सात म्हणजे माझी धारेची वेळ. मी फोन गोठ्याच्या खांबाला खोचला, कॅमेरा बंद, माझा आवाज बंद, आणि साडी सावरून बसलो. साडीची तशी आता गरज नव्हती, पण प्रयोग कोण करणार?

शिबिरातल्या बाई मधाळ आवाजात सांगत होत्या, "डोळे मिटा. तुम्ही एका शांत, हिरव्या जागी आहात अशी कल्पना करा."

"ऐकलंस?" मी म्हशीला म्हणालो. "माणसांचा ताण कमी करायला त्यांना पहाटे उठवलंय. आणि आमचे साहेब बघ, डोळे मिटून बसले असतील, एका डोळ्यानं हजेरी मोजत."

फोनमधला मधाळ सूर मध्येच तुटला. मग बाईंचा आवाज आला, "अं... तुम्ही साडीत आहात का?"

पदर डोक्यावर घेताना माझं कोपर फोनला लागलं होतं. कॅमेरा चालू, आवाजही चालू. अख्ख्या कंपनीला मी दिसत होतो. लाल काठांची साडी, डोक्यावर पदर, हातात म्हशीचा सड. उठावं तर म्हैस बिथरेल, बसावं तर नोकरी जाईल. मी मनाशी म्हणालो, आधी धार, मग नोकरी. खांदे खाली सोडले आणि धार चालू ठेवली. पत्र्यामागून आईनं विचारलं, "म्हशे, कोन बाई बोलतीय ती?" तेही सगळ्यांनी ऐकलं.

आणि मग साहेब हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसले. बाकीच्यांनाही परवाना मिळाला. "चालू दे रे," साहेब म्हणाले, "मध्ये सोडू नकोस." शिबिराचा उरलेला वेळ सगळ्यांनी म्हैस बघितली. बाईंनी रेडकूसुद्धा दाखवायला लावलं.

साहेब त्यानंतर देवमाणूस झाले असं समजू नका. त्याच आठवड्यात त्यांनी मला पुन्हा सुरावरून झापलं. पण झापताना त्यांना माझा पदर आठवत असावा, कारण मध्येच त्यांना फिस्सकन हसू आलं. मीही हसलो, आणि झापणं तिथंच संपलं.

दीड महिना सरला. संगमनेरला प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात पांढुरका आणि बारीक होता. डॉक्टरांनी फोटो काढला, मनगट चारी बाजूंनी वळवून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, एकदम सरळ बसलंय. एवढं ऐकणारा पेशंट मला क्वचित मिळतो." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी आता हात हळूहळू कामाला लावायला सांगितलं. मी दवाखान्याबाहेर येऊन बायकोला फोन केला आणि डॉक्टरांचं वाक्य तिला दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुण्याला निघणार होतो. सकाळी बादली विसळली, तेलाची वाटी घेतली आणि दोन्ही आईपुढे ठेवली. म्हैस तिची, हात तिचा, आता माझं काय काम? आई गोठ्यात आली. म्हशीच्या पाठीवर तिनं तो बारीक झालेला हात फिरवला, कानामागे खाजवलं. मूठ मिटून, उघडून बघितली. मी बाजूला झालो.

"तू काढ," आई म्हणाली.

"मी? अगं, डॉक्टरांनी हात चालवायला सांगितलाय."

"चालवीन की. उद्या हायेच." आणि ती गोठ्याच्या दारातल्या दगडावर टेकली. पाय लांब केले. पदरानं वारा घेतला. जन्मापासून मी त्या गोठ्यात येतोय, आईला तिथं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी खाली बसलो, धार लागली. काही बोलावंसं वाटेना, म्हशीलाही त्या दिवशी काही ऐकायचं नसावं. आई डोळे मिटून उन्हात बसली होती.

तेवढ्यात चाची कुंपणावरून डोकावल्या आणि घाबरून म्हणाल्या, "काय गं भाभी, बसलीस का? हात दुखतोय अजून?"

"न्हाई गं," आई डोळे न उघडता म्हणाली. "हात चांगला हाय. बसलीय आपली."